हरवलेली गोष्ट घरी आली, त्यानंतर : 'डॉक्टर हू'मधली 'द टूम ऑफ द सायबरमेन' पुन्हा बघताना

दीपमाळ

गेल्या आठवड्यात सलग चार रात्री, रोज एकच भाग असा नेम धरून 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतली 'द टूम ऑफ द सायबरमेन' (सायबरमेनचं थडगं) ही गोष्ट डीव्हीडीवर पुन्हा बघितली. याआधी दोनदा बघितली होती, दोन्ही वेळा एका बैठकीत. दोन्ही वेळा "चांगली आहे, पण एवढं कौतुक कशाचं?" असं वाटलं आणि डबी कपाटात परत गेली. या वेळी मात्र मनातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ही चार भागांची कृष्णधवल गोष्ट बीबीसीवर २ ते २३ सप्टेंबर १९६७ या काळात दर शनिवारी दाखवली गेली. मालिकेचा नायक, कालप्रवासी 'डॉक्टर', वेगवेगळ्या नटांनी साकारलाय; इथे तो दुसरा डॉक्टर, पॅट्रिक ट्राउटन. सोबत जेमी (फ्रेझर हाइन्स) आणि व्हिक्टोरिया (डेबोरा वॉटलिंग). टेलॉस नावाच्या ग्रहावर पुराणवस्तू संशोधकांची एक तुकडी सायबरमेनच्या थडग्यांचा शोध घेत आलेली असते. सायबरमेन म्हणजे एके काळी माणसंच. एकेक अवयव बदलत गेले आणि शेवटी भावनाही काढून टाकल्या. ते नामशेष झाले असं सगळे समजतात. प्रत्यक्षात ते थिजून पडलेले असतात, कुणीतरी दार उघडण्याची वाट बघत.

प्रक्षेपणानंतर ही गोष्टच गडप झाली. त्या काळी दोन इंची चित्रफीत महाग होती, जुनं पुन्हा दाखवण्यावर कलाकारांच्या करारांची बंधनं होती, आणि घरी टेप विकत घेऊन कुणी बघेल ही कल्पनाच नव्हती. म्हणून टेप पुसून पुन्हा वापरायच्या. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी १६ मिमी फिल्मच्या प्रती काढल्या जात, पण विक्रीचे हक्क संपले की त्याही नष्ट होत. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला, तोवर या गोष्टीचा एकही भाग ब्रिटनमध्ये उरला नव्हता. उरलं ते एवढंच : प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण, काही छायाचित्रं, सहलेखक जेरी डेव्हिस यांनी १९७८ मध्ये लिहिलेली कादंबरी, आणि लहानपणी बघितलेल्यांच्या आठवणी.

आठवणीतली गोष्ट दर वर्षी थोडी मोठी होत जाते. चोवीस वर्षांत ही मालिकेतली सर्वोत्तम गोष्ट ठरून बसली होती. मग १९९१ च्या शेवटी हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडे चारही भागांच्या फिल्मचे डबे सापडले आणि मे १९९२ मध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आली. लोकांनी बघितली, कलाकारांना उचलणाऱ्या तारा दिसल्या, फेकला जाणारा सायबरमॅन आत रिकामा असल्याचं दिसलं, आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. आता तिला 'अवास्तव गाजवलेली' म्हणणं सुरू झालं.

मला दोन्ही निवाडे अन्यायाचे वाटतात. ही गोष्ट थरारासाठी बघितली तर आज कमीच पडणार. तिचं खरं बळ तिच्या शांत जागांमध्ये आहे, आणि त्या जागा भरभर बघताना निसटतात.

एकच उदाहरण देते. तिसऱ्या भागात सायबरमेन खाली कोंडलेले आहेत, वर सगळे झोपलेत आणि व्हिक्टोरिया एकटी जागी आहे. पहाऱ्याची पाळी डॉक्टरची असूनही तिने त्याला उठवलेलं नाही, कारण वय साडेचारशे वर्षं असेल तर माणसाला झोप हवीच. आधीच्याच गोष्टीत तिचे वडील गेलेत. डॉक्टर तिला विचारतो, त्यांची आठवण येते का. मग ती त्याच्या घरच्यांबद्दल विचारते. तो सांगतो की मनापासून आठवायचं ठरवलं तर ते दिसतात, एरवी ते मनात झोपलेले असतात. ट्राउटन हे अगदी हळू बोलतो, जवळजवळ स्वतःशी. संगीत नाही, अश्रू नाहीत. त्याच मजल्याच्या खाली दुसरे कुणीतरी झोपलेत, जे झोपलेलेच बरे, हे इथे कुणी बोलून दाखवत नाही. मला ते तिसऱ्यांदा बघताना उमगलं.

ट्राउटन मार्च १९८७ मध्ये गेले. डबे सापडले त्याच्या जवळजवळ पाच वर्षं आधी. हे काम परत मिळालं हे त्यांना कधीच कळलं नाही.

तुम्ही कुणी बघितली आहे का? आणि कशी बघितलीत, एका बैठकीत की तुकड्या-तुकड्यांनी?

---

कृष्णधवल

फार आतून लिहिलंयत. मी एक तांत्रिक बाजू जोडतो, कारण तुमच्या मुद्द्याशी तिचा थेट संबंध आहे.

या गोष्टीच्या दोन डीव्हीडी आहेत, पहिली २००२ ची आणि दुसरी २०१२ ची विशेष आवृत्ती. दोन्हींचा मूळ स्रोत तीच हाँगकाँगची फिल्म. पण ही फिल्म म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून घेतलेली प्रत. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेलं दृश्य सेकंदाला ५० फील्डच्या (अर्ध्या-अर्ध्या चित्रांच्या) गतीने दिसायचं, म्हणून हालचाल जिवंत वाटायची, नाटक समोर चाललंय अशी. फिल्मवर उतरवताना त्याच्या सेकंदाला २५ चौकटी झाल्या आणि ती सलगता गेली.

२०१२ च्या आवृत्तीत 'व्हिडफायर' ही प्रक्रिया वापरली आहे. दोन चौकटींच्या मधली अवस्था संगणकाने काढायची आणि चित्राला पुन्हा ५० ची गती द्यायची. परिणाम ऐकून पटत नाही, बघावाच लागतो. तुम्ही म्हणता तो व्हिक्टोरियाचा प्रसंग मी दोन्ही डिस्कवर लागोपाठ लावून बघितला. जुन्या डिस्कवर तो एक जुना सिनेमा आहे. नवीन डिस्कवर दोन माणसं बोलतायत. ट्राउटनच्या चेहऱ्यावरचे बारीक बदल, बोलण्याआधी ओठ किंचित हलणं, डोळे खाली जाणं, हे सगळं परत येतं.

आणखी एक. थडग्यांचा मोठा सेट ईलिंगच्या स्टुडिओत फिल्मवर चित्रित झाला होता, बाकीचं बरंचसं व्हिडिओवर. जुन्या डिस्कवर सगळं एकसारखं दिसतं. नवीनवर पात्रं वरच्या दालनातून खाली थडग्यांत उतरली की चित्राचा पोतच बदलतो, गती जड होते. १९६७ च्या प्रेक्षकाला ते तसंच दिसलं असणार. वरचं जग जिवंत, खालचं जग थोडं स्वप्नासारखं. दिग्दर्शक मॉरिस बॅरी यांनी ते हेतुपूर्वक केलं असं मी म्हणत नाही, सोयीचा भाग असेल, पण परिणाम विलक्षण होतो.

---

गोधडी

मी एका बैठकीत बघितली आणि मला ती आवडली नाही. कारण तारा दिसणं हे नाही. त्या काळच्या तुटपुंज्या पैशात जे केलं ते कौतुकाचंच.

माझी अडचण टोबरमनची आहे. गोष्टीतलं एकमेव कृष्णवर्णीय पात्र (अभिनेते रॉय स्टुअर्ट), आणि त्याच्या वाट्याला काय? मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या कॅफ्टनचा सेवक, जवळपास मुका, ताकद हीच ओळख. शेवटी तोच इतरांसाठी मरतो. कॅफ्टन आणि तिचा साथीदार क्लीग, म्हणजे दोन्ही खलपात्रं, बोलण्या-दिसण्यातून 'परके' ठरवलेली. जे इंग्रज ते सज्जन किंवा भित्रे, पण दुष्ट कुणी नाही. हे 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. १९६७ मध्येही कृष्णवर्णीय प्रेक्षक ब्रिटनमध्ये टीव्ही बघत होते.

दीपमाळ, तुम्ही या बाजूबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते.

---

दीपमाळ

गोधडी, बरोबर आहे, मी ते टाळलं आणि टाळायला नको होतं. लिहिताना मी माझ्या आवडत्या प्रसंगाभोवतीच फिरत राहिले.

टोबरमनच्या लेखनाचं समर्थन माझ्याकडे नाही. रॉय स्टुअर्टने त्यातही जे केलं त्याबद्दल मात्र सांगते. चौथ्या भागात अर्धा सायबरमॅन झालेला टोबरमन कॅफ्टनचं प्रेत बघतो. संवाद नाही. त्याच्या चेहऱ्यावर ओळख हळूहळू परत येते, दुःख आधी आणि राग नंतर. साऱ्या गोष्टीत सायबरमेनविरुद्धचा खरा युक्तिवाद तोच एक करतो, की भावना पूर्ण पुसता येत नाहीत. लेखकांनी त्याला शब्द दिले असते तर हा गोष्टीचा कळस झाला असता. दिले नाहीत, हा दोष राहतोच.

---

पहिलापाऊस

मी 'डॉक्टर हू'चं फक्त २००५ मध्ये नव्याने सुरू झाल्यानंतरचं बघितलंय. जुनं काहीच नाही. हा धागा वाचून २०१२ ची डिस्क एका स्नेह्यांकडून मिळवली आहे. रोज एक भाग बघून इथे लिहिलं तर चालेल का? कृपया पुढचं फोडू नका (दीपमाळ यांनी लिहिलेलं अर्ध्यावर सोडलं आहे).

---

तिसरा_प्रहर

अवश्य लिहा. मी जे लिहितोय ते तुम्ही दुसरा भाग संपल्यावर वाचा.

*(पुढे दुसऱ्या भागापर्यंतचं कथानक आहे.)*

मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट कुणी मांडली नाही. थडगं उघडतं कोण? क्लीगला वाटतं त्याने स्वतःच्या तर्कबुद्धीने संकेत सोडवला. पण तो अडतो तेव्हा डॉक्टर कुणाच्या लक्षात येणार नाही असा हात फिरवून त्याचं गणित पुरं करतो. त्याआधी बाहेरचं दार, आतली यंत्रं, सगळीकडे 'इथून परत जा' असं बजावत बजावत तोच वाट मोकळी करत जातो. पुढे जे मरतात त्यांच्या मरणात त्याचा वाटा आहे.

दोन अर्थ लागतात. एक, क्लीगचा डाव काय आहे हे उघड्यावर आणायचं होतं. दुसरा, त्याला स्वतःलाच बघायचं होतं. मला दुसरा खरा वाटतो. ट्राउटनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी भीतीपेक्षा औत्सुक्य जास्त आहे. मुलांच्या कार्यक्रमात नायकाला इतकं धूसर ठेवायचं धाडस आजही क्वचित दिसतं.

---

कृष्णधवल

तिसरा_प्रहर, मी इतक्या वेळा बघूनही पहिलाच अर्थ धरून चाललो होतो. पुन्हा बघतो.

---

पहिलापाऊस

पहिला भाग झाला.

सुरुवातीला वेग फार कमी वाटला. दहा मिनिटांनंतर सवय झाली. दाराला हात लावताच एक जण विजेच्या धक्क्याने मरतो, आणि कुणी फारसा शोक करत नाही याचं आश्चर्य वाटलं. आत शिरताना डॉक्टर आणि जेमी दोघेही व्हिक्टोरियाचा हात धरायला जातात आणि एकमेकांचाच हात धरून चालू लागतात, तिथे मनापासून हसले. ही माणसं एकमेकांवर जीव लावतात हे तेवढ्यात कळलं.

शेवटी शस्त्रांच्या चाचणीच्या खोलीत संशोधकांतला हेडन मरतो तेव्हा दचकले. दुसरा भाग लगेच लावायचा मोह झाला, पण नाही लावला.

---

उत्तरायण

लिखाणाच्या बाजूने थोडं. सायबरमेनची कल्पना किट पेडलर आणि जेरी डेव्हिस या जोडीची. पेडलर हे डोळ्यांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ होते. अवयव बदलत गेलो तर माणूस कुठल्या टप्प्यावर माणूस राहत नाही, ही भीती त्यांची खरीखुरी होती. पहिल्यांदा सायबरमेन दिसले ते १९६६ च्या 'द टेन्थ प्लॅनेट'मध्ये, तेव्हा त्यांचे हात उघडे, माणसाचेच दिसायचे. 'टूम'पर्यंत सगळं झाकलं गेलं.

आणि तारखा बघा. 'टूम'चा शेवटचा भाग २३ सप्टेंबर १९६७ ला लागला. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. अडीच महिन्यांत! हे बदलते शरीर लोकांच्या मनात किती जवळ आलेलं होतं याचा अंदाज येतो.

दुसरा धागा इजिप्तचा. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी तुतनखामेनचं थडगं शोधलं, पैसा लॉर्ड कार्नार्व्हन यांचा. एप्रिल १९२३ मध्ये कार्नार्व्हन वारले आणि शापाच्या कथा पसरल्या. 'टूम'मध्ये प्रोफेसर पॅरीच्या मोहिमेला पैसा पुरवणारी कॅफ्टन ही त्याच साच्यातली. २०१२ च्या डिस्कवर या नात्याविषयी एक छोटा माहितीपट आहे, नक्की बघा. सायबरमेनचा म्होरक्या सायबर कंट्रोलर, त्याला शक्ती देणारं यंत्रसुद्धा ममीच्या उभ्या पेटीच्या आकाराचं आहे.

फरक एकच, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ममीच्या गोष्टींत मेलेले सूड घ्यायला उठतात. इथे थडगं हाच सापळा आहे. कोडी सोडवू शकणारी बुद्धिमान माणसं त्यांना हवी आहेत, स्वतःसारखी करायला. म्हणजे ज्या कुवतीचा क्लीगला अभिमान, तिच्यामुळेच तो त्यांच्या कामाचा ठरतो.

---

पहिलापाऊस

दुसरा भाग. आता कळलं लोक कशाबद्दल बोलतात.

बर्फ वितळतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्या कप्प्यांत हालचाल सुरू होते, आणि एकेक जण पातळ पडदा फाडून बाहेर येतो. घाई नाही. शिडीवरून उतरतात तेही शांतपणे, जणू कामावर निघालेत. मग 'तुम्ही आमच्यासारखे व्हाल' असा निरोप, त्या सपाट आवाजात. रात्री उशिरा दिवा मालवून बघितलं, ही चूक झाली.

तिसरा_प्रहर यांचा प्रतिसाद आत्ता वाचला आणि तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. हो, डॉक्टर मदत करतो! पहिल्यांदा बघताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

गोधडी

पहिलापाऊस, तुमचे प्रतिसाद वाचून मीही काल पुन्हा सुरू केली, या वेळी रोज एक भाग. मत बदललं तर लिहीन.

---

पहिलापाऊस

तिसरा भाग.

व्हिक्टोरिया आणि डॉक्टर यांच्या बोलण्याबद्दल दीपमाळ यांनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही. फक्त एवढंच, की ते बोलणं 'आता झोप' असं सांगून संपतं, आणि पहाऱ्याला तो स्वतः बसतो. माझे बाबा मी आजारी असले की असेच बसायचे. नंतर बराच वेळ काही बघावंसं वाटलं नाही.

सायबरमॅट (सायबरमेनचे ते छोटे सरपटणारे यांत्रिक जीव) मात्र मला भीतिदायक वाटले नाहीत. गोंडस वाटले.

---

तिसरा_प्रहर

सायबरमॅटबद्दल सहमत. हा भाग सर्वात विस्कळीतही आहे. माणसं खाली जातात, वर येतात, झाकण लावतात, उघडतात. मोहिमेच्या यानाचा कॅप्टन हॉपर आणि त्याचं बिघडलेलं यान हे सगळं पात्रांना ग्रहावर अडकवून ठेवण्यापुरतं. चारऐवजी तीन भाग असते तर बरं झालं असतं, पण मग व्हिक्टोरियाच्या प्रसंगाला जागा उरली असती का, सांगता येत नाही.

---

गोधडी

तीन भाग झाले. टोबरमनबद्दलचं मत तेच आहे, ते बदलणार नाही. पण एका बैठकीत बघताना गोष्ट कंटाळवाणी वाटली होती, ती या वेळी वाटली नाही, हे मान्य करते. दोन भागांमध्ये एक दिवस गेला की मन मधल्या काळात त्या दालनात जाऊन येतं. २०१२ च्या डिस्कवर कॅफ्टनची भूमिका करणाऱ्या शर्ली कुकलिन यांच्यासह काही कलाकारांचं समालोचन आहे, तेही ऐकलं.

---

कृष्णधवल

२००२ च्या डिस्कवर फ्रेझर हाइन्स आणि डेबोरा वॉटलिंग यांचं समालोचन आहे, तेही चुकवू नका. ट्राउटनबद्दल दोघं ज्या मायेने बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. वॉटलिंगही २०१७ मध्ये गेल्या.

आणि तिसरा_प्रहर, तुमच्या सांगण्यावरून काल दुसरा भाग पुन्हा बघितला. हात फिरवण्याआधी ट्राउटन एकदा जेमी आणि व्हिक्टोरिया कुठे आहेत ते बघून घेतो असं मला दिसलं. कदाचित मीच ते शोधत होतो म्हणून दिसलं असेल. पण तुमचा अर्थ आता जास्त पटतो.

---

पहिलापाऊस

चौथा भाग संपला. *(शेवट सांगितला आहे.)*

टोबरमन दारं ओढून बंद करतो आणि विजेने मरतो. पहिल्या भागात ज्या दाराने एकाचा जीव घेतला, तेच दार. गोधडींचा राग पूर्ण समजला, आणि तरी तो प्रसंग बघताना घसा दाटून आला. दोन्ही एकदम झालं.

वाटतं की आता सगळं कायमचं बंद झालं, आणि शेवटच्या दृश्यात मात्र एक सायबरमॅट सरपटत बाहेर येतो. कालच त्यांना गोंडस म्हणाले होते. आज तो बघून पाय वर घेतले.

ट्राउटनचं आणखी काय बघता येईल? सगळंच हरवलंय का?

---

दीपमाळ

सगळं नाही. त्याच्या एकवीस गोष्टींपैकी सात आज पूर्ण बघता येतात. 'टूम'नंतर सरळ 'द माइंड रॉबर' घ्या, १९६८ ची आहे आणि कल्पनेच्या बाबतीत तिला तोड नाही. मग 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड', ज्यात ट्राउटन नायक आणि खलनायक दोन्ही आहे. तीही हरवलेलीच होती, फक्त एक भाग शिल्लक होता. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेल्या डब्यांमुळे पूर्ण झाली. त्याच वेळी 'द वेब ऑफ फिअर'चेही भाग मिळाले, फक्त तिसरा राहिला. 'द वॉर गेम्स' शेवटी ठेवा. दहा भाग आहेत आणि त्याचा निरोप त्यात आहे.

मालिकेचे नव्वदहून जास्त भाग अजून बेपत्ता आहेत. त्या सगळ्यांचं ध्वनिमुद्रण मात्र आहे, १९६० च्या दशकात घरी बसून मुलांनी केलेलं.

---

पहिलापाऊस

'द माइंड रॉबर' मिळाली. पाच भाग आहेत, म्हणजे पाच रात्री. उद्या सुरू करते. गोधडी, तुम्ही येणार का सोबत?

---

गोधडी

येते. आज चौथा भाग संपवते आणि उद्यापासून.